बँजो मुका झाला? आधी वायर बघा!

मंडळी, विहिरीवरची मोटार बंद पडली तर तुम्ही काय करता? लगेच चेन-पुली लावून मोटार वर काढत नाही. आधी लाइट आहे का बघता, मग तिन्ही फेज, मग फ्यूज, मग स्टार्टर, मग केबल. एवढं सगळं ठीक निघालं तरच मोटारीवर संशय घेता. पाण्यातली मोटार उपसायची म्हणजे अख्ख्या दिवसाची खोटी, हे तुम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. पण हाच माणूस गावच्या बँजो पार्टीत असला आणि ऐन वरातीत बँजो मुका झाला, की त्याचं हे सारं शहाणपण कुठं जातं कोण जाणे. भर रस्त्यात पेचकस काढून तो बँजोची पाटी खोलायला बसतो. तिथं केसापेक्षा बारीक तार असते, ती तुटते, आणि पाच मिनिटांत सुटणारा बिघाड महिनाभराचा होतो.

आपल्याकडं पश्चिम महाराष्ट्रात, कोकणात आणि मुंबईतही बँजो पार्टी हा अनेक घरांचा जोडधंदा आहे. लगीनसराई, जत्रा, गणपती, नवरात्र एवढेच काय ते कमाईचे दिवस. विसार घेतलेला असतो, पोरं कामं सोडून आलेली असतात. अशा वेळी वाद्य बंद पडलं तर सुपारी जाते आणि नावही जातं. वीज चुकीची जोडली असेल तर माणूसही जातो. म्हणून आजचा हा विषय. वाजवणाऱ्यांनी तो वाचावाच, पण सरपंच, पोलीस पाटील आणि गावच्या वायरमननंही वाचावा. त्यांच्या कामाचा भाग पुढं आहे.

ज्याला आपण बँजो म्हणतो तो अमेरिकेतला कातडं ताणलेला बँजो नव्हे. आपला बँजो म्हणजे बुलबुल तरंग. त्याचं मूळ जपानात. तिथल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी १९१२ साली टाइपरायटरसारख्या कळा बसवलेलं तारांचं वाद्य तयार केलं, त्याला ताइशोगोतो म्हणतात. ते हिंदुस्थानात आलं, बुलबुल तरंग झालं, आणि आपल्याकडच्या कारागिरांनी त्याला पिकअप बसवून मिरवणुकीचं वाद्य केलं. डाव्या हातानं कळ दाबायची, उजव्या हातातल्या नखीनं तारा छेडायच्या. कळ दाबली की तिची पट्टी तारेवर बसते, तारेची वाजणारी लांबी कमी होते आणि सूर चढतो. यात वीज कुठंच नाही. वीज लागते ती हा नाजूक आवाज ढोल-ताशाच्या वर काढायला.

ते काम पिकअप करतो. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेले तांब्याच्या इनॅमल तारेचे हजारो वेढे. ही तार साधारण ०.०६ मिलिमीटर जाडीची असते. तुमच्या मोटारीच्या वाइंडिंगची तारही इनॅमलचीच, पण ही तिच्यापुढं कोळ्याचं जाळं. वर पोलादी तार थरथरली की चुंबकाचं क्षेत्र हलतं आणि वेढ्यांत अगदी किंचित वीज तयार होते. ती वायरीतून अ‍ॅम्प्लिफायरकडं जाते, तिथं मोठी होते आणि कर्ण्यातून बाहेर पडते. एक गोष्ट यावरून ध्यानात घ्या. पिकअपला फक्त लोखंड-पोलाद कळतं. दुकानदारानं पितळेची तार दिली आणि ती तुम्ही चढवली, तर कानाला ती छान वाजेल, पण कर्ण्यातून जवळजवळ काहीच येणार नाही. पिकअप बिघडला म्हणून मग बोंब होते.

सुरुवात कुठून करायची?

आवाजाची वाट अशी आहे: तार, पिकअप, व्हॉल्यूमचं बटण, जॅक, वायर, मिक्सर, अ‍ॅम्प्लिफायर, कर्णा. बिघाड शोधताना ही वाट स्वस्त आणि बाहेरच्या टोकाकडून तपासायची. पहिली गोष्ट, कॅसिओची वायर काढा आणि बँजोच्या जागी मिक्सरमध्ये खोचा. कॅसिओ वाजला तर मिक्सरपासून पुढं सगळं शाबूत आहे, कर्ण्याला शिव्या देऊ नका. नाही वाजला तर बँजो निर्दोष, अ‍ॅम्प्लिफायरकडं वळा. एवढ्या एका अदलाबदलीनं निम्मी शोधाशोध संपते, आणि तिला पेचकस लागत नाही.

दुसरी गोष्ट, वायर बदला. माझं तर सांगणं असं, की पार्टीकडं चांगली जादा वायर नसेल तर सुपारीच घेऊ नये. बँजो बंद पडण्याच्या तक्रारींत वायर, पिन आणि जॅक यांचा वाटा मोठा असतो, कारण हलतं, ओढलं जातं, पायाखाली येतं ते हेच. वायर मधेच क्वचित तुटते. ती तुटते पिनेच्या मागं, दोन-चार बोटांच्या आत, जिथं ती वाकते तिथं. मल्टिमीटर असेल तर बझरवर ठेवा. पिनेच्या टोकापासून दुसऱ्या पिनेच्या टोकापर्यंत आवाज आला पाहिजे, दांड्यापासून दांड्यापर्यंत आला पाहिजे, पण टोक आणि दांडा यांच्यात येता कामा नये. तपासताना वायर पिनेजवळ हलवत राहा. हलवल्यावर बझर थांबला की दुखणं सापडलं. तेवढा तुकडा कापून पिन पुन्हा डाखली की झालं. कोपर आणि अंगठा यांच्यात दोरखंडासारखी वायर गुंडाळायची सवय मात्र सोडा. त्यानं आतले धागे पिळवटून तुटतात. सैल वेटोळी करून ठेवावी.

वायर बदलूनही खरखर येत असेल तर जॅककडं बघा. त्याचं नट सैल झालेलं असतं. पिन खोचताना अख्खा जॅकच फिरतो आणि आत डाखलेल्या वायरी पीळ पडून तुटतात. नट सैल आहे हे दिसलं त्याच दिवशी आवळलं असतं तर काम पान्याच्या एका आट्यात भागलं असतं. आवळतानाही आतून जॅक धरावा, नाही तर आपणच पीळ घालतो. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना 'खर्रर्र' होत असेल तर आत धूळ बसलेली आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा मिळतो. सगळं बंद करून एक फुर्र मारावी आणि बटण वीस-पंचवीस वेळा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावं. इथं खोबरेल तेल, मशीनचं तेल, रॉकेल असले प्रयोग करू नका. तेलावर धूळ चिकटते, आणि आपल्या मिरवणुकीत धूळ म्हणजे काय ते सांगायला नको. गुलाल आणि भंडारा पिठासारखा बारीक, तो कळांच्या फटीत जातो, ओल धरतो आणि आतला पत्रा गंजवतो. वाद्यावर पातळ प्लास्टिक कापड टाकून, हात जाण्यापुरतं मोकळं ठेवून वाजवणाऱ्या पार्ट्या आहेत. दिसायला बरं दिसत नाही, पण त्यांचा बँजो टिकतो.

आता पिकअप. तो तपासायची युक्ती सोपी आहे. आवाज अगदी कमी ठेवा आणि पोलादी पेचकसाचं टोक पिकअपच्या चुंबकाला हलकेच टेकवा. कर्ण्यातून 'टक' आलं तर पिकअप जिवंत आहे. टक आलं आणि तरीही तारांचा आवाज क्षीण असेल, तर पिकअप तारांपासून लांब गेला असेल. बाजूचे स्क्रू थोडे फिरवून तो वर घ्या. पण अगदी तारांना भिडवू नका, चुंबक तारेला खेचतो आणि सूर डळमळतो. टक आलंच नाही तर मल्टिमीटर २० के ओहमच्या पट्ट्यावर ठेवून पिकअपची दोन टोकं मोजा. सर्वसाधारणपणे काही हजार ओहम दाखवायला हवेत. मीटर काहीच मोजत नसेल तर आतली तार तुटली. ते काम मोटार रिवाइंडिंगवाल्याचं नव्हे, इतकी बारीक तार त्याच्याकडं नसते. वाद्याच्या कारागिराकडंच न्यावं, नाही तर नवा पिकअप बसवावा.

तारांबद्दल एवढंच, की नव्या तारा वरातीच्या सकाळी चढवू नयेत. नवी तार दोन दिवस ताणत राहते आणि सूर उतरत राहतो. दुपारच्या उन्हात टेम्पोत ठेवलेला बँजोही असाच उतरतो, कारण पोलाद तापून लांबतं. रात्री गार वारा सुटला की पुन्हा चढतो. म्हणून वाजवायच्या जागी पोचल्यावर थोडा वेळ सावलीत ठेवून मगच सूर जुळवावा. वाजवून झालं की तारा कोरड्या फडक्यानं पुसाव्यात. घामाचं मीठ रातोरात गंज चढवतं.

गुणगुण आणि झटका

आता जो भाग येतो तो मन लावून वाचा. बँजो लावला की कर्ण्यातून 'हूंऽऽ' असा जाड आवाज येतो, ती आपल्या ५० सायकलच्या विजेची गुणगुण. तारांना हात लावताच ती वाढत असेल, तर वाद्यातली तारांची अर्थची वायर निघालेली असण्याचा संभव मोठा. हात लावल्यावर कमी होत असेल, तर अर्थ आहे, पण वाद्याच्या आतला पडदा कमी पडतोय. आतून तांब्याचा पातळ पत्रा लावून तो अर्थला जोडला की फरक पडतो.

पण ही परीक्षा करायच्या आधी एक गोष्ट समजून घ्या. बँजोच्या तारा वायरीच्या जाळीतून थेट अ‍ॅम्प्लिफायरच्या पेटीला जोडलेल्या असतात. म्हणजे तारेवर हात ठेवणं आणि अ‍ॅम्प्लिफायरच्या लोखंडी पेटीवर हात ठेवणं एकच. आता त्या पेटीत कुठं फेजची वायर सोलून पत्र्याला टेकली, आणि तीन पिनांच्या प्लगाची अर्थची पिन कुणीतरी 'बसत नाही' म्हणून मोडून टाकलेली असली, तर सगळे २३० व्होल्ट बँजोच्या तारांवर येऊन बसतात. वाजवणारा अनवाणी, रस्ता ओला, अंगाला घाम. अर्थ शाबूत असती तर फ्यूज उडाला असता, जीव गेला नसता. गुणगुण बंद करायला अर्थची वायर तोडणारे महाभाग आहेत. गुणगुण जाते हे खरं, पण ती वायर गुणगुणीसाठी नसते.

म्हणून सुरू करण्याआधी तारा, माइकची जाळी आणि अ‍ॅम्प्लिफायरची पेटी यांना लाइन टेस्टर लावून बघा. पेटला तर वाजवायचं नाही, बस्स. पेटला नाही म्हणजे सगळं आलबेल असंही नाही, म्हणून बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या आणि दर वेळी त्याचं टेस्टचं बटण दाबून बघा.

सगळी वाद्यं आणि माइक एकाच ठिकाणच्या विजेवर चालवावेत. बँजो जनरेटरवर आणि निवेदकाचा माइक शेजारच्या घरातल्या प्लगावर, असं केलं की एका माणसाचा हात तारांवर आणि ओठ माइकला लागल्यावर दोन ठिकाणच्या विजेचा फरक त्याच्या अंगातून जाऊ शकतो. गाडीवरचा जनरेटर असेल तर चालत्या मिरवणुकीत जमिनीत सळई ठोकता येत नाही. अशा वेळी निदान सगळ्या लोखंडी पेट्या, स्टँड आणि जनरेटरचं अंग एकमेकांना जाड वायरीनं जोडलेली असावीत. जनरेटरची न्यूट्रल त्याच्या अंगाला जोडलेली नसेल तर आरसीसीबी बसवूनही उडणार नाही. हे काम परवानाधारक वायरमनकडून एकदाच करून घ्या, पोरांवर सोपवू नका.

सरपंच आणि पोलीस पाटलांनी इथं दोन गोष्टी बघाव्यात. एक, मिरवणुकीसाठी खांबावर आकडा टाकू देऊ नये. आकड्याला ना फ्यूज, ना अर्थ. त्यात थ्री फेजच्या जागी न्यूट्रल सुटली तर २३० च्या जागी ४०० च्या आसपास व्होल्टेज जाऊन अ‍ॅम्प्लिफायर, कॅसिओ आणि शेजारच्या घरातला टीव्हीही एकदम जळतो. महावितरणकडून तात्पुरती जोडणी मिळते, ती घ्यावी. दोन, मिरवणुकीची वाट आधी चालून बघावी. ट्रॉलीवर कर्णे रचून वरती कमान बांधली की ११ हजार व्होल्टची लाइन किती जवळ येते ते अंधारात कळत नाही. बांबूनं तार उचलून गाडी काढायची पद्धत तर जीवघेणी आहे. ओला बांबू वीज धरतो, आणि ११ हजारांच्या बाबतीत कोरड्या बांबूवरही भरवसा ठेवायचा नाही. लाइनमनला आधी सांगून वाट बदलावी किंवा लाइन बंद करून घ्यावी.

आवाज किती ठेवायचा हा वादाचा विषय आहे, पण बिघाडाशी त्याचा संबंध आहे म्हणून सांगतो. अ‍ॅम्प्लिफायर त्याच्या ताकदीबाहेर ताणला की आवाज फाटतो, आणि तो फाटलेला आवाज कर्ण्याच्या युनिटचा पडदा जाळतो. तसंच आठ ओहमचे दोन कर्णे समांतर जोडले की चार ओहम होतात, चार जोडले की दोन. अ‍ॅम्प्लिफायरवर चार लिहिलं असताना दोनचा भार टाकला तर तो तापणारच. फ्यूज उडाला म्हणून चांदी गुंडाळली तर पुढच्या वेळी फ्यूजऐवजी ट्रान्सफॉर्मर उडतो. आणि २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस रात्री १२ पर्यंत सवलत देऊ शकतं. कोणते दिवस ते आधी विचारून घ्यावं, म्हणजे ऐन वेळी पोलिसांशी हुज्जत नको.

कॅसिओ, ऑक्टोपॅड आणि गिटार

कोणत्याही कंपनीच्या कीबोर्डला आपण कॅसिओच म्हणतो, आणि घोटाळा तिथंच होतो. अ‍ॅडॅप्टरची पिन बसली म्हणजे अ‍ॅडॅप्टर चालतो असं नाही. जुन्या कॅसिओंना मधली पिन निगेटिव्ह आणि ९ व्होल्ट लागतात, यामाहाच्या बऱ्याच कीबोर्डना मधली पॉझिटिव्ह आणि १२ व्होल्ट. एकाचा दुसऱ्याला लावला की वाद्य कायमचं बसू शकतं. वाद्यामागं आणि अ‍ॅडॅप्टरवर गोल आणि ठिपक्याची खूण असते, ती जुळवूनच लावा आणि अ‍ॅडॅप्टरला रंगीत चिकटपट्टी लावून ठेवा. एखादी कळ वाजेनाशी झाली तर कळांखालच्या रबरी पट्टीवर आणि तिच्या समोरच्या काळ्या ठिपक्यांवर धूळ बसलेली असते. आयसोप्रोपिल अल्कोहोलात कापूस किंचित भिजवून पुसायचं. पेट्रोलनं पुसाल तर प्लास्टिक विरघळेल.

ऑक्टोपॅडच्या पॅडाखाली पिझोची चकती असते. तिच्यावर दाब पडला की वीज तयार होते, आणि ती बघून आतला संगणक ढोल, डफ, काय हवं ते वाजवतो. एक पॅड मारला की दुसराही वाजत असेल तर वाद्य बिघडलंय असं समजू नका, आधी सेन्सिटिव्हिटी आणि क्रॉसटॉकच्या सेटिंग बघा. ऑर्केस्ट्रावाल्यांकडं हल्ली मॉडेलिंग गिटार दिसते, तिचं तंत्र हेच. प्रत्येक तारेखाली एक पिझो, आणि आतली चिप वेगवेगळ्या गिटारींचे आवाज काढते. तिचा एकाच तारेचा आवाज गेला तर त्या तारेचा पिझो किंवा त्याची बारीक वायर तपासायची. सगळाच आवाज गेला तर आधी बॅटरी बघायची, कारण बॅटरी संपली की चिप झोपते. चिपच्या बोर्डाला मात्र डाखणी लावू नये, ते काम कंपनीच्या माणसाचं.

चालू-बंद करायचा क्रम पाळा. आधी वाद्यं, मग मिक्सर, शेवटी अ‍ॅम्प्लिफायर. बंद करताना अ‍ॅम्प्लिफायर पहिला. जनरेटर आधी सुरू करून स्थिर होऊ द्यावा, मग भार टाकावा. त्यातलं तेल संपत आल्यावर तो गचके देतो, त्या गचक्यांत कीबोर्ड जातात.

पावसाळ्यात वाद्यं माळ्यावर टाकून देऊ नका. सेल काढून ठेवा, नाही तर ते पाझरून आतला पत्रा खातात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्यातून एकदा अर्धा तास सगळं चालवून बघा. उंदरांना वायरीचं आवरण कुरतडायला आवडतं, तेव्हा धान्याच्या कोठीशेजारी वायरी ठेवू नयेत.

घरी डाखणी करणाऱ्यांसाठी: २५ वॅटची डाखणी पुरे. बादलीला डाग लावणारा तेजाब इथं वापरू नका, महिनाभरात जोड हिरवा पडून सुटतो. राळेचा फ्लक्स घ्या. आणि तालुक्याला मेकॅनिककडं जाताना 'वाजत नाही' एवढंच सांगू नका. आवाज अचानक गेला की हळूहळू, वायर हलवल्यावर येतो का, दुसऱ्या वाद्याची वायर लावून बघितली का, घरच्या विजेवर होतं की जनरेटरवरच, हे कागदावर लिहून वाद्याच्या पेटीत ठेवा. वायर आणि अ‍ॅडॅप्टरही सोबत न्या.